आधी वाट, मग वास्तू

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून येणाऱ्या नव्या गृहसंकुलांच्या जाहिराती ज्यांनी थोड्या बारकाईने वाचल्या असतील, त्यांच्या एक गोष्ट ध्यानी आली असेल, की तेथे अंतर किलोमीटरांत क्वचितच सांगितलेले असते. ते बहुधा मिनिटांत सांगितलेले असते. स्टेशन दहा मिनिटांवर, शाळा पाच मिनिटांवर आणि नियोजित मेट्रो तर अगदी दाराशी. ही मिनिटे कोणाची, पायी चालणाऱ्याची की मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटार हाकणाऱ्याची, आजची की मेट्रोचे रूळ पडतील त्या दिवसाची, याचा खुलासा जाहिरातीत नसतो. घर घेणारा मनुष्य चटई क्षेत्राचा फूट न् फूट मोजून घेतो, सातबारा आणि मंजूर नकाशे वकिलाकडून तपासून घेतो, पाणी किती तास येते याची चौकशी करतो. परंतु ज्या घरातून त्याला, त्याच्या पत्नीला, मुलांना आणि वृद्ध आईवडिलांना पुढची वीसतीस वर्षे रोज बाहेर पडावयाचे आणि परत यावयाचे आहे, त्या घरापासून कचेरीला, शाळेला, दवाखान्याला जाण्याची तजवीज काय, हा प्रश्न तो आपल्या दुचाकीच्या भरवशावर सोडून देतो.

यात त्याचा दोष थोडाच आहे, कारण ज्या कचेऱ्यांतून त्या इमारतीला परवानगी मिळते तेथेही हा प्रश्न पुरतेपणी विचारला जातो असे नाही. इमारतीची उंची, सामासिक अंतरे, अग्निशमनाची व्यवस्था, सांडपाण्याचा निचरा आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागांची संख्या यांची कोष्टके नियमावलीत तपशीलवार दिलेली असतात. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीच्या वेळी वाहतुकीचा अभ्यासही मागितला जातो. पण त्या अभ्यासाचा रोख बहुधा नव्या मोटारींमुळे भोवतालचे रस्ते किती भरतील याकडे असतो, मोटार नसलेल्या माणसाने काय करावे याकडे नसतो. मोटारीसाठी जागा किती राखावी हे कायदा सांगतो आणि बसचा थांबा किती अंतरावर असावा याविषयी तो प्रायः मौन पाळतो. आणि मग नवी वस्ती रस्त्यावर मोटारींचा लोंढा आणते तेव्हा आपण त्याचे खापर लोकांच्या हौसेवर फोडून मोकळे होतो.

वाहतूक नियोजनाच्या शास्त्रात या विषयाची मांडणी पायी चालणाऱ्या माणसापासून सुरू होते. मनुष्य बसच्या थांब्यापर्यंत साधारणतः चारशे मीटर, म्हणजे पाच मिनिटे, आणि रेल्वेच्या स्टेशनापर्यंत आठशे मीटर, म्हणजे दहा मिनिटे, आनंदाने नसले तरी बिनतक्रार चालतो, हे नियोजनकारांचे जुने गृहीतक आहे. मात्र हे अंतर कंपासने नकाशावर काढलेल्या वर्तुळाच्या त्रिज्येइतके सरळ कधीच नसते. संकुलाच्या उंच भिंतीला वळसा घालून, एकुलत्या एक फाटकातून बाहेर पडून, जेथे पदपथ आहे तेथे त्यावरून आणि नाही तेथे भरधाव वाहनांच्या कडेने ते प्रत्यक्ष चालावे लागते, आणि म्हणून भिंतीपलीकडे दोनशे मीटरांवर असलेला थांबा पायी किलोमीटरभर दूर जातो. पायवाटेच्या बाजूला एक लहानसे फाटक ठेवले, ते पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे राहील अशी अट घातली आणि त्या वाटेवर दिवे लावले, तर कोट्यवधी रुपयांच्या उड्डाणपुलाने होणार नाही इतका उपयोग त्या फाटकाने होतो. थांब्याच्या अंतराइतकेच महत्त्व बसच्या वारंवारतेला आहे, कारण तासाने येणाऱ्या बसवर भरवसा ठेवून नोकरी करता येत नाही आणि दहा मिनिटांनी येणाऱ्या बसचे वेळापत्रक कोणी पाहत नाही. याखेरीज दूध, भाजी, औषधे आणि प्राथमिक शाळा वस्तीच्या आतच असली तर दिवसाचे कितीतरी प्रवास मुळात उद्भवतच नाहीत.

या हिशेबात एक वर्ग नेहमी सुटतो. संकुलात राहणाऱ्यांच्या प्रवासाचा विचार कधीमधी होतो; तेथे कामासाठी येणाऱ्यांचा होत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, माळी, पाळणाघरातल्या बाई, दुकानांतले नोकर हे सर्व दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीतून येतात, आणि त्यांपैकी बहुतेकांजवळ स्वतःचे वाहन नसते. शेअर रिक्षाला दोन वेळा पैसे मोजून जी बाई चार घरची कामे करते, तिच्या मिळकतीतला एक वाटा त्या वस्तीच्या सदोष नियोजनाने परस्पर वसूल केलेला असतो.

हे सर्व घटक ग्रंथांतून आणि सरकारी धोरणांतून आज सर्वमान्य झालेले आहेत. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांच्या नव्हे, माणसांच्या गतीला प्राधान्य द्यावे असा सिद्धांत मांडला, आणि २०१७ च्या परिवहन-केंद्रित विकासाच्या धोरणाने स्थानकांच्या परिसरात दाट वस्ती वसवावी असा पुरस्कार केला. तेव्हा अडचण तत्त्वाच्या अज्ञानाची राहिलेली नाही. ती क्रमाची आहे. आपण घरे आधी बांधतो, माणसे त्यांत राहावयास येतात, ती ओरड करू लागतात, आणि त्या ओरडीचा निकाल म्हणून काही वर्षांनी, कधी काही दशकांनी, बस किंवा रेल्वे येते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार किती महाग पडतो याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते बोधप्रद अशासाठी, की तेथे नियोजन नव्हते असे कोणासही म्हणता येणार नाही.

जुनी मुंबई वाढली ती रूळांच्या मागोमाग. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या तेव्हा आगगाडी त्यांच्या शेजारून धावतच होती. आणि पुढे ट्रामही दादरपर्यंत आली, इतकी रुजली की मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ च्या मार्चअखेरीस बंद झाली तरी दादरच्या त्या चौकाला लोक आजही टी. टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, म्हणतात. नंतरच्या काळात मात्र बेटावरची गर्दी आवरेनाशी झाली, आणि चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची सूचना सरकारपुढे ठेवली. १९६५ मध्ये ती ‘मार्ग’ या नियतकालिकातून प्रसिद्धही झाली. १९७० च्या मार्च महिन्यात त्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे नवी मुंबई हे शहर कागदावर उतरले.

या शहराच्या आराखड्यातील मध्यवर्ती कल्पना आजच्या भाषेत सांगावयाची तर परिवहन-केंद्रित विकासाचीच होती. एकच अवाढव्य शहर न वसवता चौदा उपनगरे, ज्यांना तेथील माणसे इंग्रजी वळणाने नोड म्हणतात, माळेसारखी जोडावी, त्यांच्यामधून सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग जावा, प्रत्येक नोडाच्या मध्यभागी स्थानक आणि बाजारपेठ असावी, आणि भोवतालचे सेक्टर पायी ओलांडता येतील इतक्या बेताचे असावेत, अशी ती योजना होती. योजनेत उणे काही नव्हते; उणे होते ते स्थानकात येणाऱ्या गाडीचे. खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७० च्या दशकाच्या आरंभीच खुला झाला, वाशीला माणसे राहावयास येऊ लागली, पण मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पहिली लोकल गेली ती ९ मे १९९२ रोजी. पनवेलपर्यंत उपनगरी गाडी जाण्यास १९९८ उजाडले, आणि ठाण्याला थेट जोडणारा मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. मधल्या दोन दशकांच्या काळात सिडकोने बससेवेसाठी स्वतंत्र उपकंपनी काढून पाहिली, पण ती १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद पडली, आणि नवी मुंबई महापालिकेची परिवहन सेवा रस्त्यावर येण्यास १९९६ साल यावे लागले.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. रेल्वे उशिरा का होईना आली, ती ज्या उपायाने आली तो उपाय देशाला अनुकरणीय असा होता. नव्या शहरासाठी लोहमार्ग टाकण्याचा सर्व बोजा रेल्वे खाते उचलणार नाही हे स्पष्ट होताच सिडकोने खर्चाचा ६७ टक्के हिस्सा स्वतः देण्याचे मान्य केले आणि रेल्वेने ३३ टक्के उचलला. सिडकोजवळ हा पैसा होता, कारण जमीन तिच्या ताब्यात होती, आणि स्थानक येणार म्हटले की त्या जमिनीची किंमत वाढते. त्या वाढीव किमतीचा अंश लोहमार्गात घालावयाचा, हा तो हिशेब. वाशी आणि बेलापूर येथे स्थानकांच्याच इमारतींत व्यापारी गाळे बांधले गेले तेही याच विचाराने. म्हणजे द्रव्य कोठून आणावे या अवघड प्रश्नाचे उत्तर आपल्याला तीसहून अधिक वर्षांपूर्वी सापडले होते. ते द्रव्य कोणत्या घडीला खर्च करावे, याचे उत्तर मात्र सापडले नाही.

तसे सापडले असते तर इतिहासाची पुनरावृत्ती झाली नसती. उलवे आणि द्रोणागिरी या नोडांत इमारती उभ्या राहिल्या, सदनिका विकल्या गेल्या. खारकोपरपर्यंत, म्हणजे उलव्याच्या वेशीपर्यंत, लोकल पोहोचली ती २०१८ च्या नोव्हेंबरात, आणि उरणपर्यंत ती गेली २०२४ च्या जानेवारीत. बेलापूरहून तळोजा नोडातील पेंधरपर्यंतच्या जेमतेम ११ किलोमीटरांच्या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि पहिला उतारू तीत चढला २०२३ च्या नोव्हेंबरात. एवढ्या अवधीत तळोज्यात घर घेतलेल्या कुटुंबातले पहिलीतले मूल बारावी उत्तीर्ण झाले. पुण्याजवळच्या हिंजवडीची कथा याहून वेगळी नाही: माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि त्यांच्या मागोमाग हजारो घरे तेथे या शतकाच्या आरंभापासून आली, आणि शिवाजीनगरला जोडणाऱ्या मेट्रोचे भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरात झाले.

उशीर झाला, पण अखेर गाडी आली, मग बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते मनुष्यस्वभावामुळे. आपला रोजचा प्रवास हा दररोज नव्याने केलेला निर्णय नसतो. तो एकदा पडलेला परिपाठ असतो. हा परिपाठ मोडून नवा घालण्याची संधी आयुष्यात थोड्याच वेळा येते, आणि घर बदलणे ही त्यांपैकी एक. इंग्लंडातील बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ बास व्हेरप्लांकन आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे. त्यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठशे लोकांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की पर्यावरणस्नेही सवयींचा उपदेश नुकतेच घर बदललेल्यांच्या ठायी अधिक फळतो, आणि ही अनुकूल मुदत सुमारे तीन महिन्यांची असते. त्यानंतर मन पुन्हा घट्ट होते. नव्या घराचा ताबा घेतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत बस मिळाली नाही, तर कुटुंब कर्ज काढून दुचाकी किंवा मोटार घेते. एकदा हप्ते सुरू झाले की वाहन दारात उभे ठेवून तिकीट काढणे हे दुहेरी खर्चाचे वाटू लागते. आणि दहा वर्षांनी मेट्रो आली तरी तिला पहिल्या दिवसापासून मिळाले असते ते उतारू तिच्या वाट्याला येत नाहीत. उशिरा आलेली वाहतूक अशा रीतीने रिकामी धावते, आणि ती रिकामी धावते हेच पुढच्या वस्तीला ती न देण्याचे कारण म्हणून पुढे केले जाते.

क्रम सुधारणे शक्य आहे काय, याचे उत्तर जर्मनीतील फ्रायबुर्ग या शहराने दिले आहे. शहराच्या पश्चिमेला जेथे पूर्वी सांडपाणी जमिनीत मुरवीत असत त्या ओसाड क्षेत्रापैकी सुमारे सत्तर हेक्टरांवर रीझेलफेल्ड नावाची वसाहत आखली गेली. पहिले रहिवासी तेथे १९९६ मध्ये आले, आणि ट्राम १९९७ मध्ये. दहा हजारांहून अधिक लोकांसाठी कल्पिलेल्या वसाहतीत तेव्हा फार थोडी घरे वसली होती, म्हणून आरंभीचा तोटा शहराने डोळसपणे सोसला, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला दारापुढून जाणारी ट्राम ही आकाशातल्या सूर्याइतकी गृहीत धरता आली. त्याच शहरातील फोबां ही दुसरी वसाहत, फ्रेंच सैन्याने १९९२ मध्ये रिकाम्या केलेल्या छावणीच्या जागेवर वसलेली, जगभर अधिक गाजली. तेथे ट्राम २००६ मध्ये आली, तोपर्यंत बसने काम भागवले. पण मोटारीची किंमत घराच्या किमतीपासून वेगळी काढण्याची तेथील युक्ती विलक्षण होती. घरासमोर मोटार उभी करता येत नाही. ज्याला मोटार ठेवावयाची असेल त्याने वसाहतीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळात पैसे भरून स्वतंत्र जागा घ्यावी. आणि ज्याला ती नको असेल त्याने तसे लेखी प्रतिज्ञापत्र द्यावे. प्रत्येक घरामागे मोटारीची जागा हवीच, असा तेथील प्रांताचा कायदा होता, तेव्हा मोटारविरहित कुटुंबांच्या संस्थेने वाहनतळापुरती जमीन विकत घेऊन ती मोकळी राखली: गरज पडलीच तर तेथे इमारत उठेल, न पडली तर हिरवळ राहील. कायद्याचे अक्षर पाळून त्याचा हेतू सुधारण्याचे असे उदाहरण विरळा.

आपल्याकडे याच्या उलट रीत आहे. सदनिकेबरोबर वाहनतळाची जागा बांधणे बंधनकारक असल्यामुळे तिचा खर्च इमारतीच्या एकंदर किमतीत मिसळतो, आणि जो रेल्वेने जातो तोही शेजाऱ्याच्या मोटारीखालच्या फरशीचे पैसे, नकळत का होईना, भरत असतो.

क्रम पाळला जावा म्हणून कायद्याची कळ कोठे दाबावी, याचा धडा ब्रिटनकडून घेता येईल. तेथे १९९० च्या नगररचना कायद्याच्या १०६ व्या कलमानुसार विकासक आणि स्थानिक संस्था यांच्यात करारनामा होतो. त्यात बसमार्गासाठी ठरावीक वर्षे ठरावीक रक्कम देणे, सायकलवाट बांधणे, प्रवासयोजना तयार करून तिच्यावर देखरेख करणारा माणूस नेमणे अशी कलमे घातली जातात, आणि तो करार जमिनीला चिकटतो, म्हणजे जमीन विकली तरी नव्या मालकावर बंधनकारक राहतो. याहून धारदार हत्यार म्हणजे तेथील ग्रॅम्पियन नावाने ओळखली जाणारी अट. स्कॉटलंडमधील एका खटल्यावरून १९८० च्या दशकात रूढ झालेली ही अट सरळ निषेधाच्या स्वरूपाची असते: अमुक रस्ता, थांबा किंवा पूल तयार झाल्याखेरीज इमारतीत कोणी राहावयास जाऊ नये. विकासकाला दुसऱ्याच्या जमिनीवर काम करण्याची सक्ती करता येत नाही, परंतु ते काम होईपर्यंत त्याचे घर रिकामे ठेवण्याची सक्ती करता येते. आणि रिकाम्या घरावर व्याज चढू लागले की वर्षानुवर्षे रेंगाळणारी कामे कशी चटकन पुरी होतात, हे निराळे सांगावयास नको. त्या देशातही या साधनांचा वापर सर्वत्र चोख होतो असे नाही, आणि पदपथ नसलेल्या महामार्गाच्या काठी वसलेल्या वसाहती तेथेही आहेत. परंतु दोष साधनाचा नसून ते म्यानात ठेवणाऱ्या हातांचा आहे.

आपल्या व्यवस्थेत या अटीला जागा सहज सापडते. भोगवटा प्रमाणपत्र हे नेमके त्याच ठिकाणचे दार आहे. पाण्याची जोडणी नसेल, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नसेल, तर ते प्रमाणपत्र मिळत नाही. तेव्हा थांबा, पदपथ आणि ठरलेल्या वारंवारतेची बस नसेल तर ते अडवावे, यात तत्त्वतः नवे काही नाही. पैशाचीही वाट खुली आहे. मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर येथे घर घेणारा मनुष्य मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार आज भरतोच आहे, आणि परिवहन प्रकल्पांसाठी वाढीव विकास शुल्काचीही तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. उणीव एवढीच, की हा पैसा भरणाऱ्याला त्याच्या मोबदल्यात कोणत्या तारखेस, कोणत्या थांब्यावर, किती मिनिटांनी बस मिळेल याची हमी कोणी देत नाही. त्या रकमेचा लहानसा हिस्सा त्याच वस्तीच्या पहिल्या पाच वर्षांच्या बससेवेस बांधून दिला, तर परिवहन उपक्रमाला आरंभीच्या तोट्याची धास्ती बाळगण्याचे कारण उरणार नाही. जाहिरातीतील खोट्या मिनिटांवर इलाज हवा असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे बारावे कलम त्यासाठीच आहे: जाहिरातीतील असत्य विधानावर विसंबून ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागता येते.

या सूचनेवर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, की अशा अटींनी घरे महागतील. हा आक्षेप घराची किंमत खरेदीखताच्या आकड्यावर थांबते असे मानतो. ज्या कुटुंबाला वाहतुकीच्या अभावी दोन दुचाक्या आणि एक मोटार बाळगावी लागते, ज्याचे रोजचे तीन तास रस्त्यावर जातात, ज्याच्या मुलीला लांबचे महाविद्यालय केवळ परतीची बस नाही म्हणून सोडावे लागते, त्या कुटुंबाने स्वस्त घराची उरलेली किंमत हप्त्याहप्त्याने, आयुष्यभर, आणि कोणत्याही पावतीवाचून भरलेली असते. अटीमुळे जर काही घडत असेल तर ही लपलेली रक्कम उघड्यावर येते, आणि ती जमिनीच्या वाढीव भावातून नफा मिळवणाऱ्याच्या खात्यावर अंशतः तरी नोंदली जाते.

म्हणून नव्या वस्तीचा नकाशा मंजुरीसाठी टेबलावर येईल त्या दिवशीच नगररचना अधिकाऱ्याने चार प्रश्न लेखी विचारावेत आणि त्यांची उत्तरे करारात नोंदवून घ्यावीत: सर्वांत दूरच्या इमारतीच्या जिन्यापासून थांब्यापर्यंत पायी किती मीटर चालावे लागेल, तेथे पहिली बस कोणत्या तारखेस आणि किती वारंवारतेने येईल, तिचा पहिल्या वर्षांचा तोटा कोण सोसेल, आणि हे न घडल्यास ताबा कोण रोखील. यांपैकी शेवटच्या प्रश्नाला नाव आणि हुद्दा यांसह उत्तर मिळेपर्यंत बाकीच्या तिन्हींची उत्तरे सदिच्छेच्या पलीकडे जात नाहीत, आणि सदिच्छेवर वसवलेली शहरे कशी होतात हे आपण खाडीच्या दोन्ही तीरांवर पुरेसे पाहिले आहे.